भांड्यात खोट नाही

आमच्या दुकानात पितळी भांडं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी त्याला बोटाच्या पेरानं ठोकून बघतं. आवाज लांबला तर भांडं चांगलं, बसका आला तर कुठंतरी खोट आहे. नवी सून असो की जख्ख म्हातारी, ठोकल्याशिवाय कुणी पुढचं बोलत नाही. शिवराम नान्हे, म्हणजे आमचे शिवरामकाका, यांनी मात्र आमच्या भांड्याला कधी बोट लावलं नाही. "भंडाऱ्याचं भांडं, अन् तेबी तुमच्या दुकानचं. ठोकून काय पाहाचं?" म्हणत ते भांडं सरळ बगलेत मारायचे आणि निघायचे.

त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की हेच आधी आठवतं. एकदा तरी ठोकायला हवं होतं त्यांनी. ठोकून खोट कळली नसती, हे मला माहीत आहे. तरी वाटतं.

काका धिवर, म्हणजे मासेमार. घर नदीच्या पलीकडे, कारध्याच्या अंगाला. अंगानं बुटके, छाती मात्र डोंगा वल्हवून वल्हवून दरवाजासारखी रुंद झालेली. आवाज असा की ते गल्लीच्या तोंडाशी बोलले की आमच्या मागच्या खोलीत ऐकू यायचं. रविवारी सकाळी ओल्या पोत्यात मासे घेऊन यायचे आणि तिकडूनच आईला हाक मारायचे, "माय, जित्ती आणली वो!" पोतं ओसरीवर टाकलं की मरळ खरोखरच उडायची, आणि आई दचकून मागं सरकली की काकांना फार आनंद व्हायचा. दर रविवारी आई दचकायची. मला वाटतं, पुढं पुढं ती त्यांच्यासाठीच दचकत असावी.

'जित्ती' हा त्यांचा शब्द. जगात त्यांच्या लेखी दोनच जाती होत्या, जित्त्या आणि मेलेल्या. चहा निवला की म्हणायचे, "चाय मेली." निवडणुकीच्या सभेतून उठून यायचे, "भाषण मेलेलं होतं, बास मारून राहिलं होतं." मोटरसायकलची जुनी बॅटरी कुणी फेकायला काढली तर हात धरायचे. "थांब बे, मेली नाही, झोपली हाये." मग ती बॅटरी त्यांच्या घरी जायची. त्यांच्या घरी अशा झोपलेल्या वस्तूंची रांगच होती. पंखे, मिक्सर, एका ट्रॅक्टरचा हॉर्न. त्यातल्या काही खरंच उठल्या. बऱ्याचशा कधीच उठल्या नाहीत, पण तसं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती.

त्यांना 'डागदर' हे नाव मासळीबाजारात पडलं. एका बाईच्या टोपलीतली मरळ निपचित झाली होती आणि गिऱ्हाईक घ्यायला तयार नव्हतं. काकांनी ती उचलली, शेजारच्या बादलीत बुडवली आणि शेपटीला धरून पाण्यात पुढं-मागं, पुढं-मागं हलवत बसले. तोंडानं लहान पोराला भरवावं तसं चाललेलं, "घे. घे बाप्पा. घे श्वास." लोक हसायला जमले. बराच वेळ काही झालं नाही. मग त्या मरळीनं अशी शेपटी मारली की बादलीतलं पाणी गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर. त्या दिवसापासून ते डागदर. कुणी खोकलं तरी चहाच्या टपरीवर पोरं म्हणायची, "डागदर, याले बादलीत धरा थोडा वेळ." काका रागवत नसत. "फी लागन," म्हणायचे.

बढाईखोर होते, हे सांगायला हवं. आपल्या हातात आलेली मासोळी मरत नाही, असं ते छातीवर हात मारून सांगायचे. ते खरं नव्हतं. पण ऐकताना खरं वाटायचं, आणि त्यांनाही वाटत असावं.

मासोळी मरायला लागली ती गोसेखुर्दच्या धरणानं पाणी अडल्यावर. पूर्वी नदी वाहती होती, घाटाच्या आसपासच काम भागायचं. पाणी अडलं, नदी पसरली, मोठे मासे लांब खोल पाण्यात गेले. घाटावरचे लोक त्याला 'मोठं पाणी' म्हणतात. तिथं मरळ आणि शिंगाडा मासा धरायचा तर लांब दोरीला ओळीनं गळ बांधतात आणि प्रत्येक गळाला बारीक जिवंत मासोळी लावतात. मेलेल्या आमिषाकडे ते मासे बघत नाहीत. आणि उन्हाळ्यात डोंगा मोठ्या पाण्यापर्यंत जाईतो डब्यातलं पाणी तापून आमिषाच्या मासोळ्या उलट्या झालेल्या असायच्या. सकाळभर बारीक जाळ्यानं मासोळ्या धरायच्या आणि दुपारी त्याच फेकून रिकाम्या हातानं परत यायचं. सगळ्या डोंगेवाल्यांची तीच गत.

काकांनी जाहीर करून टाकलं, "मी टाकी बनवतो. संध्याकाळपर्यंत एक मासोळी मेली तं मले डागदर म्हणू नोका."

पहिली टाकी फ्रिजची होती. फ्रिज बंदच होता, पण इंदूकाकू, म्हणजे त्यांची बायको, त्यात पीठ, डाळी आणि बांगड्या ठेवायची. एके दिवशी ती शेतावरून आली तर पीठ खाटेवर आणि फ्रिज अंगणात आडवा, त्यात पाणी.

"काहून गा, माहा फ्रिज कायले आडवा केला?"

"उभा होता तवा तरी काय करून राहिला होता?"

"पीठ राखून राहिला होता! तुमच्यापेक्षा काम करत होता तो!"

फ्रिज गार राहिला, पण मासोळ्या मेल्या. काका दिवसभर त्याच्यापाशी उकिडवे बसून बघत होते. संध्याकाळी दुकानात येऊन मला म्हणाले, "कोपरा. कोपऱ्यात जाऊन एकमेकीवर चढते अन् मरते. माणसासारखीच हाये." नंतर आइस्क्रीमवाल्याचा थर्मोकोलचा डबा झाला. त्यालाही कोपरे होतेच, शिवाय तो पाझरला. निळं प्लास्टिकचं पिंप गोल होतं खरं, पण उंच. डोंग्यात ठेवलं की डोंगा एका अंगाला कलायचा.

मग एक दिवस ते मोबाइल घेऊन आले. कुठल्या तरी परदेशातल्या मासेमारी बोटीचा व्हिडिओ होता. मला गल्ल्यावरून उठवून त्यांनी तो दोनदा दाखवला. "पाहिलं का? त्यायच्या टाकीले कोपरा नाही. बसकी हाये, गोल हाये, अन् वर झाकण. असं भांडं कोठं भेटन?"

मी हसलो. माझ्या डोक्याच्या वरच, दुकानाच्या माळ्यावर, आजोबांच्या वेळचं घंगाळ पालथं पडलेलं होतं. आंघोळीचं, पसरट, बुडाशी गोल. मी म्हटलं, "काका, यापेक्षा मोठं, डोंग्याच्या मापाचं मी घडवून देतो."

ही कल्पना माझी होती. मला कुणी मागितलं नव्हतं. मी पैसेही घेणार नव्हतो. काका म्हणाले, "आंदण देऊन राहिला का गा मले?" आणि आम्ही दोघं हसलो.

माप घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा इंदूकाकू धान पाखडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "आतून कल्हई चांगली करजा भाऊ. नाहीतं कळकन."

ज्यांच्या घरी पितळ उरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेचं सार असं आंबट ठेवलं की ते कळकतं, हिरवं पडतं, खाल्लं तर उलट्या होतात. म्हणून आतून कथलाचा पातळ पांढरा थर देतात, ती कल्हई. पण पाण्याला कल्हई? आमच्या गावात तर पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी मुद्दाम पितात, प्रकृतीला चांगलं म्हणून.

काका म्हणाले, "अवो, पाणी ठेवाचं हाये त्यात, ताक नाही. पाण्याले काय कळकते?"

"पाण्यात जीव हाये ना," काकू म्हणाली.

"पाह्य विनू, डागदरीणबाई!" काका माझ्याकडे बघून म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो. काकू हसली नाही. माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाली, "चांगली करजा." मी म्हटलं, "पक्की करतो, काकू."

आमच्या धंद्यात कल्हई दोन तऱ्हेची. एक वापराची आणि एक आंदणाची. लग्नात द्यायची भांडी मांडवात चार लोकांपुढं चमकली म्हणजे झालं, नंतर ती फडताळावर बसतात. त्यांना कारागीर कथलाचा एकच हात फिरवतो. वापराच्या भांड्याला पुन्हा तापवून, नवसागर टाकून, बुडापर्यंत दाबून दुसरा हात मारावा लागतो. ते घंगाळ एवढं पसरट होतं की त्याचं बूड एका वेळी तापत नव्हतं. लगनसराई होती, भट्टीपाशी लग्नाच्या भांड्यांचा ढीग पडला होता. कारागिरानं विचारलं, "मालक, बुडाले अजून एक हात मारू?" आतून ते पांढरं दिसत होतं. मी म्हटलं, "राहू दे. आंदणाची चालते. पाणीच ठेवायचं आहे."

काका भांडं न्यायला आले. मी ओट्यावर ठेवलं. त्यांनी ठोकलं नाही. आत वाकून एवढंच विचारलं, "कल्हई पक्की?"

"पक्की."

"आता इंदीले सांगतो."

त्यांनी जी टाकी बांधली ती मी आजही डोळ्यांपुढं उभी करू शकतो. बाहेरून सागवानी फळ्यांची पेटी. आत माझं घंगाळ. मधल्या जागेत तुमसरच्या राइस मिलमधून आणलेलं धानाचं तूस, ठासून भरलेलं, वरून डांबर लावलेलं प्लास्टिक, म्हणजे ओल धरू नये. थर्मोकोलपेक्षा तूस भारी, उन्हाळा आत येतच नाही, असा त्यांचा दावा होता आणि तो खरा होता. झाकणाला आतून गोणपाट. पेटीच्या कोपऱ्यात एक झोपलेली बॅटरी उठवून बसवलेली, तिच्यावर मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातला छोटा पंप, पंपाची नळी पाण्यात, नळीच्या तोंडाला बांबूची कांडी, म्हणजे बुडबुडे बारीक निघावेत. बुडबुड्यांवर त्यांचा फार जीव. पंप लावायच्या आधी ते सायकलच्या ट्यूबचा तुकडा तोंडात धरून, गाल फुगवून स्वतःच पाण्यात फुंकत बसले आणि मला म्हणाले, "पाह्य. मोठा बुडबुडा पळून जाते. बारीक बुडबुडा पाण्यात मुरते. मासोळीले बारीक पायजे." चेहरा लाल, डोळे पाण्याच्या पृष्ठभागावर. ते नेहमी बुडबुड्यांकडे बघायचे. तळाकडे कधी बघितलं नाही.

घाटावर टाकी दाखवायचा दिवस ठरला. काकांनी सगळ्या डोंगेवाल्यांना सांगितलं होतं की सकाळी धरलेलं सगळं आमिष माझ्या टाकीत टाका, टाकी उन्हात ठेवू, दुपारी सगळ्यांसमोर उघडू, आणि जिवंत निघालं की तसेच मोठ्या पाण्यात जाऊ. लोकांनी कुरकुर करत, चेष्टा करत, पण टाकलं. मीही दुकान बंद करून गेलो होतो. माझं भांडं होतं ना.

दुपारी काकांनी झाकण काढलं. हात घालून आधी पाणी बघितलं आणि ओरडले, "गार! हात घालून पाहा, गार हाये!" मग गोणपाट बाजूला झालं आणि आतलं दिसलं. पाण्यावर पांढऱ्या पोटांचा थर होता. पंप चालू होता. बुडबुडे येत होते, बारीक, आणि त्या बुडबुड्यांनी मेलेल्या मासोळ्या हळूहळू हलत होत्या.

काकांनी एक उचलली. पाण्यात धरून पुढं-मागं, पुढं-मागं. "घे बाप्पा." ती टाकली, दुसरी घेतली. "घे ना." लोक आधी हसले. मग कुणी हसेना. त्यांचीही दुपार बुडाली होती, सगळ्यांचं आमिष त्या एका टाकीत होतं. एक म्हातारा म्हणाला, "आता पोस्टमार्टम करा, डागदर." दुसऱ्यानं, तो बरा माणूस होता, पुढं वाकून बघत विचारलं, "भांड्याचं तं काही नसन ना, शिवरामभाऊ? पितळ हाये."

काका ताडकन उभे राहिले. एवढा वेळ खाली घातलेली मान वर झाली. "भांड्यात खोट नाही! भंडाऱ्याचं भांडं हाये, कल्हई हाये आत. हवा कमी पडली. चूक माही हाये, मी सांगून राहिलो ना." आणि माझ्याकडे वळले. "सांग गा विनू त्यायले."

तळाशी, मेलेल्या मासोळ्यांच्या खाली, कथलाच्या पांढऱ्यातून पिवळं डोळे वटारून वर आलेलं मला दिसत होतं. सांध्याशी हिरवट कडा दिसत होती. मी लहानपणापासून भांडी बघत आलोय. मला समजायला वेळ लागला नाही.

मी म्हटलं, "हो. पंप लहानच होता."

एवढंच. तोंडातून निघून गेलं. लोक पांगले. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू नोको मनाले लावून घेऊ."

मला खात्री नव्हती, असं म्हणायची एक पळवाट राहिली होती. तीही मीच बुजवली. नंतर थोड्या दिवसांनी मी नदीवरून बारीक मासोळ्या आणल्या, काही घरच्या जुन्या कल्हई उडालेल्या पितळी गुंडात, म्हणजे पाण्याच्या घागरीत, ठेवल्या आणि काही प्लास्टिकच्या बादलीत. सकाळी बादलीतल्या फिरत होत्या. गुंडातल्या मी परसात शेवग्याच्या बुडाशी पुरल्या. माणसाला चालणारं पितळेचं पाणी मासोळीला विष होतं. आईनं विचारलं, काय करतोस. म्हटलं, खत घालतोय.

तेव्हा जाऊन सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. कल्हई नीट करून दिली असती तर त्याच उन्हाळ्यात टाकी चालली असती. पण वाक्य एवढंच राहिलं नसतं. 'पक्की' म्हणालो होतो, 'पंप लहान होता' म्हणालो होतो, तेही घाटभर लोकांसमोर. आणि आपलं भांडं म्हणजे आजोबांपासूनचं नाव. मी रोज उद्यावर ढकललं.

पुढच्या उन्हाळ्यात काका दोन पंप घेऊन आले. म्हणजे दुकानात, सल्ला विचारायला. "तू कारागीर माणूस, सांग. हवा किती लागन?" आणि मी सांगितलं! गल्ल्यावर बसून, कागदावर आकृती काढून सांगितलं. नळीला चांगलं तोंड पाहिजे म्हणाले तर मी पितळेचं करून दिलं.  त्यांच्या पाण्यात आणखी पितळ घातलं मी.

मासोळ्या मेल्या. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी सायकलच्या पायडलवर चालणारा भाता बनवला आणि टाकीपाशी बसून स्वतः पायडल मारत राहिले, भर उन्हात, त्या वयात. तेव्हा घाटावर थोडीच माणसं होती. आमिष कुणी दिलं नव्हतं, त्यांनी स्वतःच धरलेलं होतं. त्यांचा पुतण्या त्यांच्या डोंग्यावर होता, तो दुसऱ्याच्या डोंग्यावर गेला. जाताना म्हणाला, "मोठेबाबा भैताड झाले, डोकं फिरलं त्यायचं." काकांनी सगळं बदललं. झाकण, नळी, कांडी, बॅटरी, तूससुद्धा उपसून नवं भरलं. फक्त भांडं बदललं नाही. भांड्यात खोट नव्हती ना.

'डागदर' हे नाव तसंच राहिलं, पण ते म्हणायची तऱ्हा बदलली. टपरीवर माझ्यादेखत पोरं म्हणायची, "डागदरकडे नोको नेऊ, मरून जाईन." मी चहा पीत असायचो. एकदा तर कुणी मला विचारलं, नेमकं चुकतं कुठं त्यांचं? मी म्हटलं, त्यांना पंपाचं नीट जमत नाही. हे मी बोललो. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं.

नंतर काकांना दम लागायला लागला आणि डोंगा सुटला. त्यांची मुलगी जवाहरनगरला असते, जावई फॅक्टरीत. ती दोघांना क्वार्टरवर घेऊन गेली. रविवारची हाक बंद झाली. आईनं काही दिवस रविवारी सकाळी ओसरीकडे कान दिला असेल.

गेल्या उन्हाळ्यात मी घाटावर गेलो होतो. आता डोंग्याडोंग्यात बाजारातल्या तयार प्लास्टिकच्या पेट्या आहेत, जाड भिंतींच्या, बसक्या, कोपरे गोल केलेल्या. एका पेटीत मी वाकून बघितलं. मासोळ्या फिरत होत्या. डोंगेवाला तरुण होता, हसून म्हणाला, "डागदरचा पंप नाही लावला, म्हणून जित्त्या हायेत." तो मला ओळखत नव्हता. हे त्यानं कुठून तरी ऐकलेलं होतं, आणि कुठून, ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी जवाहरनगरला गेलो.

काका गॅलरीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. ती छाती आत गेली होती. नाकाला नळी. शेजारी ऑक्सिजनचं मशीन गुरगुरत होतं. मला बघून आवाज चढवायला गेले आणि खोकले. "ये गा विनू. माय जित्ती हाये ना?"

"आहे, काका. तुमची आठवण काढते."

"मले वाटलं तू येतच नाही आता."

गॅलरीत ते घंगाळ होतं. पेटीतून काढलेलं. इंदूकाकू त्यात कपडे भिजवत होती. तिच्या हाताखाली त्याचं बूड पिवळंधमक दिसत होतं. कल्हईचा मागमूस नव्हता.

मी खाटेच्या कडेवर बसलो आणि बोललो. मला नीट बोलता येत नाही, घरीही मी कमीच बोलतो, पण त्या दिवशी बोललो. आंदणाची कल्हई सांगितली. कारागीर विचारत होता आणि मी नको म्हणालो ते सांगितलं. घाटावर तळ दिसला होता ते सांगितलं. गुंड आणि बादलीचं सांगितलं. "हवा कमी नव्हती, काका. तुमची टाकी बरोबर होती. मासोळ्या माझ्या भांड्यानं मारल्या. मला पहिल्याच उन्हाळ्यापासून माहीत होतं."

गॅलरीतला कपड्यांचा आवाज थांबला.

 काकांनी नळी लावलेलं नाक हलकेच हलवलं, नाही नाही म्हणून. "असं कायले म्हणून राहिला? कोणी काही म्हटलं का तुले?"

"खरं सांगतोय, काका."

"तू लहानपणापासून असाच. दुसऱ्याचं अंगावर घेते." ते हसले. "मले बरं वाटाव म्हणून म्हणून राहिला ना? नोको. भांड्यात खोट नाही, मी तवाच सांगितलं. अरे, पितळेच्या भांड्यातलं पाणी पिऊन आपली पिढी वाढली. हवेचंच होतं ते. मले आता समजलं. हे पाह्य."

त्यांनी मशीनला लावलेली पाण्याची बाटली दाखवली. ऑक्सिजन त्या पाण्यातून होऊन नाकात जातो. बाटलीत बुडबुडे चालले होते.

"पाह्य कसे बारीक हायेत! पाण्यातच मुरून राहिले. असे बुडबुडे पायजे होते विनू. मी बांबूच्या कांडीनं काढून राहिलो होतो, तेथंच चुकलो. अशी मशीन असती तं एक नसती मेली."

मी पुन्हा तोंड उघडलं. काकांनी हात वर केला. त्यांना दम लागला होता. थांबून, शब्द शब्द तोडून म्हणाले, "घाटावर जाशील तं सांगजो त्यायले. भांडं चांगलं होतं. हवा कमी पडली."

इंदूकाकूनं चहा दिला. मी प्यालो. निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली, हात पदराला पुसत. एवढं सगळं तिनं ऐकलं होतं. माझी तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

"मी म्हटलं होतं भाऊ, कल्हई चांगली करजा."

"हो, काकू."

"दोघं हासले होते माह्यावर."

"हो."

तिनं मागं दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "आता त्यायले पटवाले येऊ नोको. तसाच ये, मायले घेऊन ये. पण हे घेऊन नोको येऊ. हवा कमी पडली, यावर तो माणूस रोज ते बुडबुडे पाहून राहिला. ते काढून घेतलं तं त्यायच्यापाशी काय राहते? तूच राहशीन, ज्यानं फसवलं."

मी मान हलवली. आईला घेऊन जायचं होतं. पावसाळा लागला, आईचे गुडघे, माझं दुकान. पावसाळ्यातच काका गेले.

त्यांचा निरोप मी घाटावर दिला नाही. माझं नाव धुऊन देणारा निरोप होता तो, आणि त्यांनी तो मागितल्याशिवाय दिला होता, जसं मी त्यांना ते भांडं दिलं होतं. तिथं जाऊन उलटं, खरं काय ते सांगावं, असं मनात येतं, आणि घाटाच्या पायऱ्यांपर्यंत मी दोनदा गेलोही. अजून बोललेलो नाही. आज निदान लिहिलं. हे छापून आलं की घाटावर कुणीतरी वाचेल, मोठ्यानं वाचून दाखवेल. मग मला तिथं जावंच लागेल.

जवाहरनगरला त्या दिवशी जिना उतरून खाली आलो आणि फॅक्टरीच्या बसची वाट बघत उभा राहिलो. तिथून त्यांची गॅलरी आणि तिच्या उघड्या दारातली खाट दिसत होती. काकांनी ती पाण्याची बाटली हाताशी ओढून उजेडाकडे धरली होती आणि मान वाकडी करून आत बघत होते. गाल फुगलेले होते. इतक्या लांबून मला वाटलं ते हसताहेत. मग ओळखलं, ते फुंकत होते. श्वास पुरत नसताना, त्या बुडबुड्यांच्या तालावर, पाण्यातल्या कुणाला तरी देत असल्यासारखे.